मुलीच्या बापाचा आवाज

जानेवारी २०१९ मध्ये विंडसर डेव्हिस गेले. खाणीत काम केलेला, मग शिक्षकी केलेला आणि बऱ्याच उशिरा नट झालेला हा माणूस. त्यांच्यामागे बहुतेकांना आठवला तो 'इट एन्ट हाफ हॉट मम'मधला, मिशा फेंदारून शिपायांवर डाफरणारा सार्जंट मेजर. ती मालिका सुरू होते तीच मुळी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत, त्यामुळे मराठी माणसालाही तोच जवळचा वाटावा यात नवल नाही. तरीही ते मला लागलं, आणि अजून लागतं. कारण याच डेव्हिस यांनी १९८१ ते १९९१ अशी दहा वर्षं 'नेव्हर द ट्वेन' या मालिकेत ऑलिव्हर स्मॉलब्रिज नावाचा मुलीचा बाप उभा केला होता. तसा मुलीचा बाप मला आपल्याकडच्या पडद्यावर आजवर भेटलेला नाही.

गोष्ट साधी आहे. सायमन पील आणि ऑलिव्हर स्मॉलब्रिज हे जुन्या दुर्मीळ वस्तूंचे व्यापारी. एकेकाळचे भागीदार, आता एकमेकांचे हाडवैरी, आणि राहायला शेजारीशेजारी. सायमनचा मुलगा डेव्हिड आणि ऑलिव्हरची मुलगी लिन लग्न ठरवतात आणि हे दोघे व्याही होतात. जॉनी मॉर्टिमर यांनी ही मालिका निर्माण केली आणि तिचे ११ हंगाम झाले. त्या काळात मुलांचं महत्त्व कमी होत गेलं, लिनचं काम करणारी नटीसुद्धा मध्येच बदलली. बाप मात्र शेवटपर्यंत तेच राहिले. म्हणजे साखरपुडा हे निमित्त, खरी जोडी बापांची. एवढं कुणीही सांगेल. मला त्यापुढचं म्हणायचं आहे. हे भांडण दहा वर्षं टिकलं आणि दहा वर्षं हसू देत राहिलं, कारण त्यात मुलाचा बाप आणि मुलीचा बाप एकाच उंचीवर उभे होते. डोनाल्ड सिंडन यांचा सायमन सुसंस्कृतपणाचा तोरा मिरवतो, शेक्सपिअरच्या रंगभूमीवर कमावलेला आवाज घुमवत बोलतो. डेव्हिस यांचा ऑलिव्हर त्याला तितक्याच दणक्यात, खर्जात उत्तर देतो. 'आता मुलगी त्यांच्या घरात दिली आहे, जरा सबुरीनं घ्या' असं त्याला कुणी म्हणत नाही. ते कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्याकडे हे पहिल्यांदा मनात येतं. सीमांतपूजनाला मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात, मग व्याहीभेट होते. हार घालून, ऊर भेटून दोन बाप जवळ येतात खरे, पण पाय कुणी धुतले हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. विहिणीच्या पंगतीत ताटाभोवती रांगोळी कुणासाठी, आग्रह कुणाला, रुसण्याचा हक्क कुणाचा, सगळं ठरलेलं. वधूपक्षाला रीतसर परवानगी असलेली एकच आगळीक म्हणजे कानपिळी: मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, आणि तीही लगेच भेटवस्तू देऊन मिटवली जाते. अशा मांडवात मुलीचा बाप व्याह्यावर ओरडला तर हसू येत नाही, पोटात गोळा येतो. मुलीला उद्या काय ऐकावं लागेल, हा विचार प्रेक्षकाच्या मनात आधी येतो. म्हणून आपल्या मालिकांत लग्नाच्या गोष्टी एवढ्या असूनही मुलीचा बाप बहुधा डोळे पुसणारा किंवा हात जोडणारा दिसतो. लेखकांना विनोद जमत नाही असं मी म्हणणार नाही. पायाखालची जमीनच तिरकी आहे.

यावर कुणी म्हणेल, इंग्लंडातही लग्नाचा खर्च परंपरेनं मुलीचा बापच करायचा. खरं आहे. पण खर्च एका दिवसाचा, त्यापोटी जन्मभर आवाज खाली ठेवायची अट नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सायमन आणि ऑलिव्हर एकाच धर्माचे, एकाच धंद्यातले, एकाच गल्लीतले, भेद असला तर बोलण्यावागण्याच्या वर्गाचा. त्यांचं भांडण निर्धोक होतं म्हणून टिकलं. हे मी मान्य करते, आणि पुरावाही देते. अमेरिकेत १९७२ मध्ये सीबीएसवर 'ब्रिजेट लव्ह्ज बर्नी' आली. श्रीमंत आयरिश कॅथलिक मुलगी, टॅक्सी चालवणारा ज्यू मुलगा, दोन्हीकडचे आईबाप हवालदिल. वर्षाअखेर ती देशात पाचव्या क्रमांकावर होती, तरी २४ भागांत बंद झाली. आंतरधर्मीय लग्न हसण्यावारी नेलं म्हणून ज्यू संघटनांनी जोरदार निषेध केला होता. दोन अतिशय लोकप्रिय मालिकांच्या मध्ये तिला जागा मिळाली होती, तिचं यश उसनं होतं, असंही म्हणता येतं. पण पाचव्या क्रमांकाची मालिका एरवी कोण मोडीत काढतो? त्याच सूत्रावरचं 'एबीज आयरिश रोझ' हे नाटक १९२२ पासून ब्रॉडवेवर २,३२७ प्रयोग चाललं होतं. म्हणजे प्रेक्षकांची ना नव्हती. व्याह्यांच्या भांडणात समाज तिसरा पक्ष म्हणून उतरला, की दोन माणसांना आपसांत भांडायला जागाच उरत नाही.

इथे किपलिंग आडवा येतोच, कारण 'नेव्हर द ट्वेन' हे नाव त्याच्या १८८९ च्या कथाकाव्यातलं. तो जन्मला मुंबईत, १८६५ मध्ये, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. पूर्व-पश्चिम कधी जुळायची नाही, एवढीच गोष्ट त्या कवितेतून लोक उचलतात. पण कवितेत सरहद्दीवरचा कमाल कर्नलची घोडी पळवतो, कर्नलचा मुलगा पाठलाग करतो, आणि शेवटी कमाल आपला मुलगा त्याच्या हवाली करतो; दोन्ही पोरं रक्ताच्या भावांची शपथ घेतात. वैऱ्यांना जोडायला तिथेही पोरंच लागतात. मात्र दोन्ही मुलगे. मुलगी देऊन जोडलेलं वैर वेगळं असतं, कारण ज्यानं ती दिली त्याच्याकडून नमतं घेण्याची अपेक्षा असते. या नावाची मालिका लिहिताना मॉर्टिमर यांनी मुलगी मध्ये आणली आणि तरी तिच्या बापाला नमू दिलं नाही, हे मला फार मोठं वाटतं, मग त्यांनी ते हेतुपुरस्सर केलेलं असो वा नसो.

तेव्हा हलकीफुलकी मालिका, तिच्यात एवढं काय शोधायचं, या म्हणण्याला माझं उत्तर असं की समता दिसते ती हलक्या प्रसंगातच. मोठ्या प्रसंगी सगळेच चांगले वागतात. हल्ली शहरांत लग्नखर्च निम्मा-निम्मा वाटला जातो, पाय धुणं कितीतरी घरांतून गेलं आहे. जमीन थोडी सपाट होते आहे. मग एखाद्या मराठी लेखकानं तुळशीबागेत समोरासमोर दुकानं असलेले दोन व्याही लिहायला हरकत काय? त्यात मुलीच्या बापानं साखरपुड्याच्या हॉलमध्ये, सगळ्या पाहुण्यांदेखत, मुलाच्या बापाशी दहा वर्षांपूर्वी फुटलेल्या भागीदारीचा हिशेब काढावा. मुलीनं शेजारी उभं राहून पेढा खात ऐकावं, आणि तिच्या सासरी काय होईल याची काळजी कुणालाच वाटू नये.