प्लास्टिकची हरळी आणि काळी माती



दशलक्षण पर्व जवळ आलं की मला गेल्या वर्षीचं अंगण आठवतं. आपलं सांगलीकडचं नव्हे, मुलाचं. अमेरिकेत टेक्सासमध्ये डल्लासच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं गाव आहे, तिथलं. या अंगणात मी एक चूक केली. ती सांगितल्याने तुमच्यापैकी कुणाचे तरी पैसे वाचतील.

एप्रिलमध्ये मी पोचले तेव्हा घरात एका पत्राची चर्चा चालू होती. तिकडच्या वसाहतींत घरमालकांची असोसिएशन असते. आपली हाउसिंग सोसायटी जिन्यातल्या चपलांवरून बोलते, ती गवतावरून बोलते. गवत किती उंच वाढलं, कुठे वाळलं, कुंपणाला रंग कोणता, सगळ्याला नियम. मुलाच्या पुढच्या अंगणातल्या गवताला टक्कल पडलं होतं, म्हणून पत्र आलं होतं. ठरलेल्या मुदतीत सुधारा, नाहीतर दंड.

मी ते गवत वाकून पाहिलं आणि हसूच आलं. तिकडे त्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात. ती आपली हरळी! माझे वडील जिला शेतातून उपटून उपटून थकले, तिला इथे महागाचं पाणी पाजून जगवतात.

पुढच्या अंगणाचं दुरुस्त झालं. मग मुलगा म्हणाला, "आई, मागच्या अंगणात प्लास्टिकचं गवत टाकू. कापायला नको, पाणी नको." रस्त्यावरून दिसेल अशा जागी कृत्रिम गवत चालणार नाही, असा त्यांच्या असोसिएशनचा नियम होता. कुंपणाआड, समितीची मंजुरी घेऊन, चालत होतं.

मला ही कल्पना फार आवडली. कारण सांगते. तिकडे फायर अँट नावाच्या लाल मुंग्या आहेत. त्यांच्या वारुळांवर विषाचे दाणे टाकतात. दर आठवड्याला गवत कापायचं यंत्र फिरतं, त्याखाली किती जीव जातात कोण मोजतो? आपण तर हिरवळीवर पाय ठेवतानाही विचार करतो. मी मुलाला म्हटलं, "टाक रे. निर्जीव गवत, निर्दोष गवत."

तीन कोटेशनं आली. ६०० चौरस फुटांचं काम. एक ४,२०० डॉलरचं, एक ७,२०० चं, एक त्याहून वरचं. मी बी.कॉम. झालेली, चाळीस वर्षं घरचा हिशोब एकहाती सांभाळलेला. पहिलं कोटेशन उचललं आणि म्हटलं, "गवत तेच, मग तीन हजार जास्त कशाला?"

सूनबाईने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ती हळूच म्हणाली, "आई, याच्यात पाण्याच्या निचऱ्याचं कलमच नाही. पाणी कुठे जाणार?"

मी म्हणाले, "अगं, पाणी मुरतं खाली. त्यात काय एवढं?"

ती गप्प बसली. मी बेरीज पाहिली होती, तिने कलमं वाचली होती.

खरं तर हे मलाच आधी कळायला हवं होतं. त्या भागाला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, काळ्या मातीचं माळरान. तिथल्या मातीचं एक नाव ह्यूस्टन ब्लॅक. ती आणि आपली रेगूर, दोन्ही शास्त्राच्या हिशोबाने व्हर्टिसॉल या एकाच गटातल्या. पाणी प्यायलं की फुगायचं, ऊन लागलं की आक्रसायचं. उन्हाळ्यात माहेरच्या शेतात इतक्या रुंद भेगा पडायच्या की बैलाचा पाय अडकेल म्हणून वडील जपायचे. पावसाळ्यात त्याच रानात तासन्‌तास पाणी उभं राहायचं. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली बाई मी, आणि म्हणे पाणी मुरतं खाली!

ठेकेदाराने दोन दिवसांत काम उरकलं. वरची हरळी खरवडली, इंचभर वाळू पसरली, गवताची चटई अंथरली, कडेने खिळे ठोकले. दिसायला तर दृष्ट लागावी असं.

मे महिन्यात पाऊस आला. तिकडे वळवासारखा धो धो कोसळतो. सकाळी पाहिलं तर चटईखाली पाण्याचं तळं. पाय ठेवला की पचपच आवाज. वाळू आणि माती एक होऊन चिखल वर येत होता. त्याहून वाईट म्हणजे उतार घराकडे झाला होता, आणि पाणी भिंतीला लागून उभं होतं. ती घरं जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर असतात. खालची माती एका बाजूला फुगली आणि दुसरीकडे आक्रसली की लादी वाकते, भिंतीला तडे जातात, दारं अडकतात. जुलैत ऊन तापलं तेव्हा चटईखालची माती खचली, कडा उघड्या पडल्या, खिळे वर आले. नातू अनवाणी धावत गेला आणि रडत परत आला. मुलाने थर्मामीटर धरला, तर गवताचं तापमान ६४ अंश सेल्सिअस!

ठेकेदाराला फोन केले. त्याचं उत्तर एकच, निचरा कोटेशनमध्ये नव्हता. तेही खरंच.

ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं. चातुर्मास चालू होता. जमीन खोदायची, पृथ्वीकायिक जीवांची आणि गांडुळांची विराधना करायची, तीही चातुर्मासात? मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. मुलगा काहीच बोलला नाही. पण रात्री तो टॉर्च घेऊन भिंतीवरचा तडा बघत उभा दिसला. घरावर अजून मोठं कर्ज आहे. मला झोप लागली नाही. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातली आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, पण ती जितकी कमी करता येईल तितकी करायची, हे त्याचं कर्तव्य. माझ्या हट्टाने ती एकदाच्या ऐवजी दोनदा होणार होती. सकाळी मी म्हणाले, "खोदा. पण या वेळी कमी खोदा आणि नीट खोदा."

कागदपत्रं सूनबाईने हातात घेतली. समितीला पाठवायच्या नकाशात तिने पाणी कुठून कुठे जाईल ते बाण काढून दाखवलं. खोदण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन केला. मग माणसं येऊन छोटी निशाणं लावून गेली, पिवळं गॅसचं, लाल विजेचं, निळं पाण्याचं. मग चार इंच माती काढली. उतार घरापासून बाहेर, दर १० फुटांना सव्वा ते अडीच इंच. मातीवर जिओटेक्स्टाइलचं जाड कापड, म्हणजे खडी चिखलात बुडत नाही. त्यावर खडी आणि कच, दोन थरांत, प्रत्येक थर भिजवून यंत्राने ठोकलेला. कडेने चर, त्यात भोकांचा पाइप. त्याचं पाणी रस्त्याकडच्या गटारात जातं, शेजाऱ्याच्या अंगणात नाही. त्यावर चटई आणि बारीक वाळू. भिंतीलगतची तीन फूट पट्टी मोकळी ठेवली आणि तिथे झिरपणारी नळी टाकली, म्हणजे पायाजवळची माती सतत सारखी ओली राहील. तिकडे पायाला पाणी घालतात हे ऐकून मी आधी चक्रावलेच होते.

खोदताना मी तिथेच बसले होते. जुन्या चटईखाली हरळीची पांढरी पडलेली मुळं दिसली, आणि चिखलात गुदमरलेली गांडुळं. ज्याला मी निर्जीव म्हणत होते ते फक्त वरून निर्जीव होतं. खालच्या जिवांचं मी छप्पर केलं नव्हतं, झाकण केलं होतं. म्हणून चटई ६०० ऐवजी ३०० फूटच घातली, सावलीत, नातवाला खेळण्यापुरती. उरलेल्या उन्हाच्या जागेत तिथलंच बफेलो ग्रास लावलं. त्याला पाणी कमी लागतं आणि कापणंही क्वचित. २०१३ पासून टेक्सासच्या कायद्यातच आहे की पाणी वाचवणाऱ्या नैसर्गिक गवताला असोसिएशनने मनाई करायची नाही, फक्त नकाशा मागवून तपासता येतो. त्या कलमात प्लास्टिकच्या गवताचा उल्लेख नाही. कॅलिफोर्नियात मात्र कृत्रिम गवतावरही असोसिएशनला सरसकट बंदी घालता येत नाही. हे सगळं सूनबाईनेच वाचून काढलं.

हिशोब लिहिते, सवय जात नाही. पहिले ४,२००, दुरुस्तीचे ३,१००, एकूण ७,३००. मधल्या कोटेशनपेक्षा १०० डॉलर जास्त, आणि गवत निम्मं. घराचं दार हळूहळू सुटलं. तडा तसाच आहे, वाढला नाही.

क्षमावाणीच्या दिवशी रिचर्डसनच्या मंदिरातून आलो. दरवर्षी मी सगळ्यांना हात जोडते, सवयीने. त्या दिवशी सूनबाईसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तू विचारलंस तेव्हा मी तुझं ऐकलं नाही. मला क्षमा कर." ती एकदम खाली वाकायला लागली. मी तिला धरलं. डोळे पुसत म्हणाली, "आई, पुढच्या वेळी कलमं दोघी मिळून वाचू."

हल्ली सांगली-कोल्हापुरात आणि पुण्यातही बंगल्यापुढे, गच्चीवर हे गवत दिसतं. तुमची जमीन काळी असेल तर ठेकेदाराला तीन गोष्टी विचारा. माती किती काढणार, खाली काय घालणार, आणि पाणी कुठे जाणार. आणि घरातलं कुणी लहान माणूस हेच विचारत असेल, तर त्याचं उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

जय जिनेंद्र.