साल कोठें गेली?

पृथ्वीच्या रक्षणाचा विषय हल्लीं बालवाडीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोंचला आहे. याचा मला आनंदच वाटतो. परंतु ज्या रीतीनें तो तेथें पोहोंचला तिच्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या घराजवळच्या एका बालवाडींत दरवर्षीं जून महिन्यांत पर्यावरणदिन साजरा होतो. हिरव्या फुग्यांची कमान, फोमच्या कागदाचीं झाडें आणि चमकीनें लिहिलेलीं घोषवाक्यें यांनीं वर्ग भरून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें सारें कचऱ्याच्या गाडींत पडतें. एक वेळ हेंही चाललें असतें. पण गेल्या वर्षीं मुलांना वितळणारा बर्फ, जळणारीं अरण्यें आणि पाण्याखालीं जाणारीं गांवें चित्रांतून दाखविण्यांत आलीं. आमचा नातू त्या वेळीं चार वर्षांचा होता. पुढें कित्येक रात्रीं तो मध्येंच उठून, "आजी, आपलें घर बुडेल का ग?" असें विचारीत असे.

या वयाच्या मुलाला 'उद्यां' आणि 'परवां' यांतला भेद कळावयालाही अद्याप अवकाश असतो. त्याला पन्नास वर्षांनंतरचें संकट आणि आज रात्रीचें संकट हीं सारखींच. जें निवारणें त्याच्या हातीं नाहीं तें त्याच्या माथीं मारणें याला मी शिक्षण म्हणत नाहीं. त्याच्या हातीं काय असतें? भाजीची साल, तांब्यांतलें पाणी, फळांतली बी, फाटका कागद.

कै. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीबाईंचीं साधनें सुबक खरीं. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा ठोकळ्यांचा तो मनोरा पाहून कोणाचेंही मन प्रसन्न होईल. पण खेड्यांतल्या शाळेला तीं परवडण्यासारखीं नव्हतीं. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानें हींच तेथें साधनें झालीं. मुलें बालवाडीला येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. १९७५ सालच्या सरकारी योजनेमुळें 'अंगणवाडी' हें नांव आज देशभर झालें आहे. पुढें कोसबाडला गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळाही निघाली. हें सर्व घडलें तें गरजेपोटीं. तथापि तेथलें मूल ज्या वस्तूशीं खेळे ती कोठून आली हें त्याला ठाऊक असे, आणि खेळ आटोपल्यावर ती कोठें जाते हेंही तें आपल्या डोळ्यांनीं पाही. बारीक बिया मात्र तीन वर्षांच्या आंतील मुलांच्या हातीं देऊं नयेत, त्या नाकांत जातात. आणि गुंजा तर कोणाही मुलाला नकोत, त्या विषारी असतात.

आमच्या सूनबाईंनीं गच्चीवर एका जुन्या माठाला तळाशीं भोंकें पाडलीं. ओल्या सालींचा एक थर, त्यावर वाळलेल्या पानांचा जाड थर, अशी रचना. साली टाकण्याचें काम नातवाकडे आलें. (दोडक्याच्या शिरांची आमच्या घरीं चटणी होते, त्यामुळें त्या माठापर्यंत कधीं पोहोंचतच नाहींत.) पहिल्याच आठवड्यांत त्यानें चॉकलेटचा चकचकीत कागदही आंत टाकला. थोरल्या जाऊबाई तो काढावयास गेल्या, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "राहूं द्या, काकू. त्याचा तोच पाहील."

अडीच महिन्यांनीं माठ उपडा केला. आंत काळी, भुसभुशीत माती. दुधीच्या सालींचा मागमूस नाहीं, केळ्याच्या सालींचाही नाहीं. लिंबाच्या सालीचे दोनतीन तुकडे आणि आंब्याची एक कोय मात्र हट्टानें टिकून होती. आणि तो कागद! धुतल्यावर नव्यासारखा चमकूं लागला. "साल कोठें गेली?" असें नातवानें विचारलें, तेव्हां सूनबाईंनीं मूठभर माती त्याच्या नाकापाशीं धरली. "पावसाचा वास येतो!" तो म्हणाला. मग कागद वर धरून दुसरा प्रश्न आला : "हा कोठें जाणार?"

घरांत आठ माणसें, त्यांत दोन अभियंते. चटकन उत्तर कोणालाच सुचेना. शेवटीं त्याच्या आजोबांनीं खरें तेंच सांगितलें. आपल्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांकडे नेऊन टाकला गेला, आणि तेथेंही तुझ्याएवढीं मुलें राहतात. तो भ्याला नाहीं. थोडा वेळ विचार करून त्यानें कागद आपल्या पत्र्याच्या डबींत ठेवला, आणि त्या आठवड्यांत चॉकलेट मागितलें नाहीं. पुढल्या आठवड्यांत मागितलें, हेंही सांगितलें पाहिजे.

दाढी करतांना नळ सोडून ठेवणारे त्याचे काका मात्र आतां अडचणींत सापडले आहेत. पाणी कोठून येतें व कोठें जातें याची चौकशी रोज सकाळीं न्हाणीघराच्या दाराशीं होते.

यंदा बालवाडीच्या बाईंनीं तसाच एक माठ आमच्याकडून मागून नेला. झांकण नीट बसत नाहीं व चिलटें होतात, अशी एका आईची तक्रार आली आहे. ओलें फार आणि सुकें थोडें, एवढेंच तिचें कारण. वाळक्या पानांचें एक पोतें उद्यां पाठवीत आहों.