विहीणबाईंच्या अंगणातली पालोमा

मैत्रिणींनो, टकीलाचं नाव पुढं येणार आहे, पण म्हणून पान उलटू नका. घरात बाटली आली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, हे आमच्या आळीत कुणालाही विचारा. पण टकीला हे आधी एका गावाचं नाव आहे, दारूचं मग.

धाकट्या लेकीनं मेक्सिकोतला मुलगा पसंत केला आणि २०२३ सालच्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे ग्वादालाहाराला गेलो. तिकडचा मे म्हणजे आपल्यासारखाच रखरखीत. जूनमध्ये पाऊस येईपर्यंत सगळे आभाळाकडे डोळे लावून असतात. शहरापासून साधारण साठ किलोमीटरवर टकीला गाव. वाटेत दोन्ही अंगांना घायपातीची निळसर शेतं. आपल्याकडे बांधावर नाहीतर रेल्वेच्या कडेला वाढणाऱ्या घायपातीचीच ही बहीण, पण तिकडं तिचे काय लाड! २००६ साली या सगळ्या मुलखाची युनेस्कोनं जागतिक वारशात नोंद केली.

रोप तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. फुलाचा दांडा वर येऊ लागला की छाटून टाकतात, म्हणजे साखर गड्ड्यातच राहते. मग लांब दांड्याच्या गोल पात्यानं मजूर एकेक पान सपासप छाटतो. उरतो तो अननसासारखा गड्डा, आणि त्याला म्हणतातही ‘पिन्या’, म्हणजे अननसच. तीस-चाळीस किलोचा सहज भरतो. उन्हात वाकलेला तो माणूस पाहून मला आपले ऊसतोडणीवाले आठवले. भट्टीत शिजलेल्या गड्ड्याचा तुकडा आमच्या हातावर ठेवला, तर अगदी गुळातल्या रताळ्याची चव! चघळायचं आणि उसासारखा चोथा टाकायचा. याच गड्ड्याचा रस आंबवून दोनदा भट्टीतून काढला की झाली टकीला.

इथवर सगळं छान होतं. धाकधूक होती ती संध्याकाळची. विहीणबाईंकडे पहिलंच जेवण. मला स्पॅनिश येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी हातात पेला दिला आणि मी नको म्हटलं तर लेकीच्या सासरी काय वाटेल? आणि घेतला तर इतकी वर्षं ह्यांच्याशी घातलेला वाद कुठल्या तोंडानं घालू? कारण रविवारी मित्रांबरोबर ‘थोडीशी’ घेण्याची ह्यांची सवय जुनी. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तरी ती सुटली नव्हती.

अंगणात लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. विहीणबाईंनी मातीचे कुल्हड पाण्यात भिजत घातले होते. माठासारखे ते आतलं गार ठेवतात. कुल्हडाच्या काठावर लिंबाची फोड फिरवून तो मिठात टेकवला. आत बर्फ, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, ४५ मिलिलिटर टकीला आणि वर ग्रेपफ्रूटचा सोडा. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं नात्यातलं फळ, किंचित कडवट. एकदा हलवलं की झालं. याचं नाव पालोमा, म्हणजे कबुतर.

माझा कुल्हड मात्र त्यांनी वेगळा ठेवला. त्यात ग्रेपफ्रूटचा ताजा रस, लिंबू, मीठ, जरा साखर आणि साधा सोडा. टकीलाचा थेंब नाही. लेकीनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. मी इकडं उगीच घामाघूम होत होते! काय सांगू बाई, दिवसभराच्या उन्हानंतर तो खारट-आंबट-कडू घोट असा काही उतरला की आपलं लिंबूसरबत क्षणभर विसरले.

ह्यांनी मोठ्या उत्साहानं आपला कुल्हड उचलला, तेवढ्यात विहीणबाईंनी त्यावर सरळ तळहात ठेवला. सगळे गप्प. त्या लेकीशी भराभर काहीतरी बोलल्या. दुपारी जेवल्यावर ह्यांना गोळी घेताना त्यांनी पाहिलं होतं. ग्रेपफ्रूटमुळं रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आतड्यात नेहमीसारख्या मोडत नाहीत आणि औषध गरजेपेक्षा जास्त रक्तात जातं. त्यांच्या घरातही एकांना ते वर्ज्य आहे. पपनसाचंही तसंच, तेव्हा घरात अशी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

“मग नुसती टकीला चालेल,” ह्यांनी मराठीत सुचवलं. लेकीनं भाषांतर केलं. विहीणबाईंनी मान हलवली, बाटली उचलून आत नेऊन ठेवली आणि ह्यांच्यापुढं संत्र्याचा रस आणला, बिनमिठाचा.

ह्यांनी निमूट घेतला! तीस वर्षं मी जे भांडून, रुसून, शपथा घालून करू शकले नाही, ते या बाईनं एका तळहातानं केलं. मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं.

परत आल्यावर डॉक्टरांनी ह्यांची गोळी पाहिली. ती ग्रेपफ्रूटबरोबर न चालणाऱ्यांतलीच निघाली. दारूबद्दलही त्यांनी ऐकवलं, ते मी इथं लिहीत नाही.

हल्ली रविवारी लेकीचा व्हिडिओ फोन येतो. विहीणबाई मागून डोकावतात, ह्यांच्याकडे बघतात आणि काही न बोलता टेबलावरच्या पेल्यावर हात ठेवून दाखवतात.