वज्रलेप

आम्ही घनसावंगीचे. समर्थांचें जांब आमच्याच तालुक्यांत. पण आजीची ओढ पंढरीची. ती वारीहून परतली कीं मी विचारीत असें, "पाय कसे लागले ग हाताला?" "लोण्यासारखे," ती म्हणे. पाषाण लोण्यासारखा कां लागावा, हें मला फार उशिरां उमगलें. तो भक्तांच्या तळहातांनींच झिजत आला होता!

या झिजेवर उपाय म्हणून 1988, 2005, 2012 आणि 2020 या सालीं विठ्ठलमूर्तीला वज्रलेप झाला. 2020 च्या खेपेस तें काम पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनीं केलें. लेप आतां रासायनिक. नांव मात्र जुनेंच. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें 'बृहत्संहितें'त वज्रलेपाची कृति दिली आहे: कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कवठें, सांवरीचीं फुलें यांचा काढा आठव्या हिश्शापर्यंत आटवावा आणि त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ इत्यादि घालावें.

लेप हवाच, हें मला पटतें. तरीहि आजीचा हात ज्या झिजेंत मिसळला, तीच त्याखालीं झांकली जाते, ही रुखरुख जात नाहीं. पुढें पदस्पर्शदर्शन पुन्हा सुरू झाल्यावर मी रांगेंत उभा राहिलों. पायांवर हात ठेवला. गुळगुळीत लागलें. तो दगड कीं लेप, हें बोटांना कळण्यापूर्वींच मागच्या माणसाचा हात पुढें आला होता.