पिशवी काढल्यानंतरचं

संपादकांनी रजोनिवृत्ती आणि हार्मोन्सवर ‘सोप्या भाषेत’ लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पन्नाशीतली शहरी वाचक असावी. रात्री घामानं जाग येणारी, चिडचिड होणारी, गोळी घ्यावी की नको या विचारात पडलेली. तिच्यासाठी लिहिणारे पुष्कळ आहेत. बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला मात्र हा प्रश्न पन्नाशीत सुरू होणारा वाटत नाही. भारतीय बाईची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य बाईची एक्कावन्नच्या सुमारास. हा झाला निसर्गाचा हिशेब. भालकी, औराद, आळंद, चिंचोळी या भागातल्या कित्येक बायकांच्या बाबतीत तो हिशेब मधेच मोडून ‘पिशवी काढली’ हे तीन-चार वाक्यांतलं एक वाक्य होऊन जातं. त्यानंतर त्या बाईच्या शरीरात काय होतं, आणि ते होऊ नये म्हणून वैद्यकाकडे काय आहे, याबद्दल तिला कोणी काही सांगत नाही. या लेखात मला तेवढंच मांडायचं आहे: हार्मोनच्या गोळीची ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे आणि ज्यांच्यासाठी ती देणं सगळ्यांत सोपं आहे, नेमक्या त्याच बायकांपर्यंत ती पोचत नाही.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ३.२ टक्के बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. पण ही सरासरी फसवी आहे. आंध्रात हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं, तेलंगणात आठच्या घरात, आणि बिदर-कलबुर्गीची वेस तेलंगणालाच लागून आहे. देशभरात शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय होतं चौतीस. २०१५ साली कलबुर्गी जिल्ह्यातल्या लमाणी तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांमधल्या बायकांच्या पिशव्या खासगी दवाखान्यांत सर्रास काढल्या जात असल्याचं उघड झालं. कर्नाटक जनारोग्य चळुवळीनं तो प्रश्न लावून धरला, सरकारी चौकशीही झाली. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच तक्रारींवरची याचिका दहा वर्षं चालली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण वर्तमानपत्रांतली चर्चा नेहमी ‘का काढली’ यावर अडकली. ज्यांची काढून झाली आहे त्या हजारो बायका पुढची चाळीस वर्षं कशा काढणार, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेरच राहिला.

आता थोडं शरीरशास्त्र सांगावंच लागेल. कंटाळा आला तर चार ओळी गाळा. पाळी पिशवीतून येते, पण इस्ट्रोजेन पिशवी बनवत नाही, ते पिशवीच्या दोन्ही बाजूंची बीजांडं (ओव्हरीज) बनवतात. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, इस्ट्रोजेन चालू राहतं. मात्र बीजांडांचं कामही अशा बायकांमध्ये सरासरीनं दोन ते चार वर्षं लवकर आटोपतं, आणि पाळीच नसल्यामुळे ते कधी आटोपलं हे कळायला बाहेरची खूण उरत नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडंही काढली, तर निसर्ग जे चार-पाच वर्षांत हळूहळू करतो ते दोन-चार दिवसांत होतं. हाडं झिजवणाऱ्या पेशींवरचा इस्ट्रोजेनचा वचक जातो, रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, झोप बिघडते, योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होत राहते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हे झालेली बाई कंबरदुखीसाठी सलाईन लावून घेते, जळजळीसाठी अँटिबायोटिक, झोपेसाठी आणखी एखादी गोळी. तिची तक्रार खरी असते, औषध चुकीच्या दुखण्याचं असतं.

हे नुसतं त्रासाचं प्रकरण नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं, की पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजांडं काढलेल्या आणि पंचेचाळिशीपर्यंत इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं होतं. ज्यांना ते मिळालं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणून जगभरच्या तज्ज्ञ संस्था याबाबत बऱ्यापैकी एकमतानं सांगतात: अकाली इस्ट्रोजेन गेलेल्या बाईला, वेगळं काही कारण नसेल तर, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते परत द्यावं. पन्नाशीतल्या बाईला गोळी देताना आपण निसर्गात भर घालतो की नाही, यावर वाद घालता येईल. तिशीतल्या बाईला देताना आपण जे काढून घेतलं तेच परत करत असतो.

मग दिलं का जात नाही? कारण ‘हार्मोननं कॅन्सर होतो’. हे वाक्य मी शिकलेल्या माणसांकडून ऐकते, औषध दुकानदाराकडून ऐकते, आणि सांगायला संकोच वाटतो, पण डॉक्टरांकडूनही ऐकते. त्याचं मूळ विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकन अभ्यासात आहे. जुलै २००२ मध्ये त्याचा एक भाग मुदतीआधी थांबवला गेला आणि जगभर घबराट झाली. त्या भागात १६,६०८ बायका होत्या, सगळ्यांची पिशवी शाबूत, सरासरी वय त्रेसष्ट. त्यांना घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला एक कृत्रिम प्रोजेस्टिन अशा गोळ्या दिल्या होत्या. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी झाली. हे २६ टक्के म्हणजे काय, ते बातमीत नव्हतं: वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० च्या जागी ३८. वाढ खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण टक्केवारी ऐकून बाईला वाटतं की चौघींतल्या एकीला कॅन्सर होणार, आणि ती समजूत दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, जी गर्दीच्या ओपीडीत कोणाकडेच नसतात.

खरी चीड मला पुढच्या गोष्टीची येते. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग होता. त्यात १०,७३९ बायका होत्या, सगळ्यांची पिशवी आधीच काढलेली. प्रोजेस्टिन हे मुख्यतः पिशवीच्या अस्तराला कॅन्सरपासून वाचवण्यासाठी द्यावं लागतं. नुसत्या इस्ट्रोजेननं तो धोका वाढतो हे १९७५ पासून माहीत आहे. पिशवीच नसेल तर प्रोजेस्टिनची गरज नसते. म्हणून या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं. हा भाग २००४ मध्ये थांबला तो पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे, वर्षाला दहा हजारांमागे सुमारे बारा जास्त. स्तनाचा कॅन्सर मात्र वाढला नाही, उलट थोडा कमीच दिसला. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये जे आकडे आले, त्यांत ही घट आणखी ठळक झाली. स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यूही नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्यांत कमी होते. म्हणजे पिशवी काढलेल्या बाईला लागू पडणारा पुरावा २००४ चा होता, आणि आपल्याकडे तिला नकार दिला जातो २००२ च्या बातमीवरून. पहिली बातमी सीमाभागातल्या गल्लीबोळापर्यंत पोचली, दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणीही धड पोचली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं या औषधांच्या वेष्टनांवरचे बहुतेक ठळक इशारे काढण्याचं जाहीर केलं. त्याचाही उत्साहाच्या भरात भलता अर्थ लावला जाईल, ही धास्ती मला आहेच.

कलबुर्गीच्या प्रकरणावर इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये २०१७ साली आलेल्या लेखात हे स्पष्ट लिहिलं आहे, की बायकांना शस्त्रक्रियेला तयार करण्यासाठी वापरलेलं मुख्य हत्यार भीती हे होतं. अंगावरून पांढरं जातंय, सोनोग्राफीत काहीतरी दिसतंय, नाही काढलं तर कॅन्सर होईल. त्याच शब्दानं तिची पिशवी गेली आणि त्याच शब्दानं तिला पुढचं औषध नाकारलं जातं. दोन्ही वेळा पुरावा भीतीच्या बाजूनं नव्हता.

यावर आक्षेप येतील, आणि काही वजनदार आहेत. पहिला माझ्याच व्यवसायबंधूंचा: तिशीतल्या बायकांवर दीर्घ मुदतीचा मोठा यादृच्छिक प्रयोग झालेला नाही, रोकांचा अभ्यास निरीक्षणाचा आहे. खरं आहे. निरीक्षणात गोळी घेणारी बाई मुळातच जास्त काळजी घेणारी असू शकते. पण तोच न्याय लावायचा तर तिशीत बीजांडं काढून इस्ट्रोजेन न देणं सुरक्षित आहे, याचाही प्रयोग झालेला नाही, आणि तरी ते रोज होतं आहे. दुसरा आक्षेप चळवळीतल्या मैत्रिणींचा. ज्या व्यवस्थेनं पिशव्या काढून पैसे केले, तिच्याच हाती आयुष्यभराची गोळी कशी द्यायची? १९६६ मध्ये अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी रजोनिवृत्तीला आजार ठरवून बायकांना चिरतरुण करण्याचं आमिष दाखवलं, आणि त्यामागे औषध कंपन्यांचे पैसे होते, हा इतिहास मला माहीत आहे. त्यांचा संशय मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. पन्नाशीत पाळी जाणं आजार नाहीच. बत्तिसाव्या वर्षी बीजांडं कापून टाकणं निसर्ग नव्हे, आणि त्यावर उपचार न करण्याला निसर्गाचा आदर म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: तूर खुडायला नाहीतर ऊस तोडायला जाणारी बाई रोज गोळी घेईल का, तिचा रक्तदाब कोण पाहणार? हा प्रश्न मी हलका मानत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला हे औषध नको, हे आधी विचारलंच पाहिजे. पण रक्तदाबाची आणि साखरेची रोजची गोळी याच गावांत आशाताईंच्या मदतीनं चालते. गुठळ्यांचा धोका कमी ठेवायचा तर त्वचेवर लावायचं एस्ट्राडिऑलचं जेल आहे. ते महाग पडतं. गोळी त्या मानानं स्वस्त आहे. कुठलाच उपचार न परवडणारा नाही, पण आधी एक गोष्ट कळायला हवी, आणि तिथेच गाडी अडते: बीजांडं ठेवली की काढली? बिदरची बाई उदगीरला, सोलापूरला, हैदराबादला जाऊन येते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, क्वचित कन्नडमध्ये, तिला वाचता येत असेल तर मराठी. बहुतेकदा ते कार्ड सापडतच नाही आणि सोनोग्राफीवर अंदाज बांधावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पिशवी काढण्याआधीचे कागद वाढले, हे चांगलंच झालं. त्यांत काढल्यानंतरचा एक कागद हवा: काय काढलं, काय ठेवलं, इस्ट्रोजेन दिलं का, नाही तर का नाही, कोणत्या वयापर्यंत. तिच्या भाषेत, आणि एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात.

पन्नाशीला ही गोळी थांबवायची की चालू ठेवायची, यावर मात्र माझंही मत अजून पक्कं नाही. तिथे पुढचा पुरावा बाईगणिक वेगळा वाचावा लागतो. वजन, रक्तदाब, हाडांची घनता, घरातला कॅन्सरचा इतिहास, सगळं मांडून. ती चर्चा मला आनंदानं करायची आहे. पण आमच्याकडच्या बहुतेक बायका पन्नाशीला पोचतात तेव्हा थांबवायला त्यांच्याकडे गोळी नसतेच.