साकीनाक्यावरील रशियन घर

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांस काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी अपेक्षित असते. आमचा हा प्रवास साकीनाक्यापासून मुलुंडपर्यंतचाच आहे, आणि सामान म्हणून आमच्या हाती एक लाकडी खोके तेवढे होते. परंतु त्या खोक्यात एक संपूर्ण रशियन घर सुटे करून भरलेले होते, म्हणून ही हकीकत सांगण्याचे धाडस करीत आहो.

साकीनाका मुद्दाम पाहावयास कोणी येत नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्यास साकीविहार रस्ता जेथे मिळतो, तेथे वाहनांचा गजबजाट पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत असतो. त्याच्या डोक्यावरून ८ जून २०१४ पासून मेट्रो गाडी धावते आणि तिच्याही वरून विमानतळावर उतरणारी विमाने जातात. खैरानी रस्त्याच्या बोळांत शिरावे तर एका गाळ्यात लेथ फिरतो आहे, दुसऱ्यात पुठ्ठे कापले जात आहेत, तिसऱ्यात खोकी ठोकली जात आहेत, असा देखावा दिसतो. पस्तीस वर्षे आम्ही या गोंगाटाच्या शेजारी राहिलो. पण त्या गाळ्यांत पाऊल टाकण्याचा प्रसंग या उन्हाळ्यापर्यंत कधी आला नव्हता.

प्रसंग असा घडला. आमची इमारत जुनी झाल्यामुळे पाडून नवी बांधावयाचे ठरले व पावसाळ्यापूर्वी सर्वांनी जागा सोडावी असे निश्चित झाले. थोरले चिरंजीव जवळच भाड्याची जागा घेऊन आम्हां उभयतांस नेणार होते. धाकट्याने मात्र मुलुंड येथे स्वतःचे घर घेतले. सूनबाईंची नोकरी व मुलीची शाळा यांच्या दृष्टीने ते सोयीचे होते, हे आम्हांस कळत होते. तरीही मनात ‘याने घर फोडले’ हाच शब्द धरून आम्ही बसलो आणि दोन महिने त्याच्याशी जेवणापुरतेच बोललो. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसास मौन हीदेखील एक छडीच वाटते!

आवराआवरीत माळ्यावरून जुन्या पुस्तकांची पेटी खाली आली. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित होण्यापूर्वी मॉस्कोच्या ‘प्रगती’ व ‘रादुगा’ या प्रकाशनसंस्था मराठीत पुस्तके छापून पाठवीत असत. अनिल हवालदार यांच्यासारखे मराठी अनुवादक त्याकरिता राबले. चिरंजिवांच्या बालपणी आम्ही ती स्वस्तात विकत घेतली होती. त्यातील एका चित्रात बर्फात उभे असलेले ओंडक्यांचे घर होते. धाकट्याची अकरा वर्षांची कन्या ते चित्र घेऊन थोरल्याच्या चौदा वर्षांच्या मुलाकडे गेली आणि मे महिन्याच्या सुट्टीत हेच घर बांधावयाचे असा ठराव झाला. आम्ही त्या कामाचे अध्यक्ष झालो, म्हणजे पाकिटातून पैसे काढण्याचे काम आमच्याकडे आले.

या घरास रशियन भाषेत ‘इझ्बा’ म्हणतात. त्यात ओंडके उभे रोवीत नाहीत, आडवे रचतात. चार ओंडक्यांचा एक चौकोनी थर पुरा झाला की त्यावर दुसरा. अशा थरास ‘वेनेत्स’, म्हणजे मुकुट, असे सुंदर नाव आहे. कोपऱ्यात ओंडक्यास खाच पाडून दुसरा त्यात बसवितात व दोहोंच्या फटीत शेवाळ दाबून भरतात, की थंडी आत येऊ नये. वीस फुटांचे घर एक फुटात करावयाचे आम्ही ठरविले. त्या मानाने दहा इंचांचा ओंडका अर्ध्या इंचाचा झाला. बारा थर, अठ्ठेचाळीस काठ्या. दारे-खिडक्या सोडाव्या लागल्यामुळे एकूण बासष्ट तुकडे झाले. शेवाळाच्या जागी कोकणातून आलेल्या सोडणांचा काथ्या वापरला.

लाकूड मिळाले ते खैरानी रस्त्यावर. परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात ती खोकी मोडून तेथे फळ्या विकतात. त्या पाइनच्या, म्हणजे आपल्या देवदाराच्या आप्तवर्गातील झाडाच्या असतात. त्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो आणि उष्णतेची प्रक्रिया झाली असल्यास शेजारी ‘एच. टी.’ ही अक्षरे असतात. कीड देशोदेशी पसरू नये म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापविलेले असते, असा त्यांचा अर्थ. आमच्या एका फळीवर ‘एफ. आय.’ ही अक्षरे सापडली, म्हणजे ती फिनलंडची. रशियाच्या शेजारच्या अरण्यातील झाड रशियन घर होण्यासाठी साकीनाक्यास आले, याचे नातवंडांस कोण अप्रूप!

पहिले घर आम्ही चुका ठोकून उभारले. चार थर चढल्यावर एक भिंत तिरपी झालेली दिसली. चुका उपसावयास गेलो तो काठ्या उभ्या चिरल्या. शेवटी खोकी ठोकणाऱ्या मिस्त्रींकडेच गेलो. ते संगमेश्वरकडील वयस्क सुतार. चिरलेली काठी पाहून ते म्हणाले, “गुरुजी, खिळ्यानं जोडलेलं सोडवायला गेलात तर लाकूड फाटणारच. खाचेत बसवा. खाच धरून पण ठेवते, आणि वेळ आली तर सोडून पण देते.” त्यांनी करवत, पटाशी व गुण्या मुलांच्या हाती दिला. खाच काठीच्या खालच्या अंगास घ्यावी, वरच्या अंगास घेतल्यास तीत पाणी साचून लाकूड कुजते, हेही सांगितले. रशियातील जाणते सुतारही हीच काळजी घेतात, असे आम्ही पुढे वाचले आणि मिस्त्रींविषयीचा आदर दुणावला.

घर उभे राहिल्यावर सजावटीस प्रारंभ झाला. इझ्बाच्या खिडक्यांभोवती कोरीव चौकटी असतात. पातळ प्लायवर त्या कापून निळ्या-पांढऱ्या रंगविल्या. आढ्यावर एक जड पोखरलेला ओंडका पालथा घालतात. त्याच्या भाराने छपराच्या फळ्या खिळ्यांवाचून जागच्या जागी राहतात, व त्याच्या टोकास घोड्याचे मुंडके कोरलेले असते. ते नातवाने कोरले. त्यात गाढवाचा अंश अधिक आला, पण आम्ही बोललो नाही. दर्शनी फळीवर सहा पाकळ्यांचे वर्तुळ कोरण्याचीही तिकडे जुनी चाल आहे. ते पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हे तर माझ्या रांगोळीतलं फूल!” आणि कंपासाविना त्यांनी ते काढूनही दिले.

घराच्या आत गणपतीच्या उरलेल्या शाडूची एक भली मोठी भट्टी केली. इझ्बात ही भट्टी जवळजवळ चौथाई जागा व्यापते. तिच्यात अन्न शिजते आणि थंडीत म्हातारीकोतारी माणसे तिच्या माथ्यावर निजतात. भट्टीच्या समोरचा तिरपा कोन देवाचा. आपल्याकडे चूल आग्नेयेस व देवघर ईशान्येस. दिशा निराळ्या, पण अग्नी आणि देव यांस नेमून दिलेली जागा उभयत्र आहेच. घरास रशियन भाषेत ‘दोम’ म्हणतात, आपल्या वेदांत ‘दम’. दंपती म्हणजे त्या घराचे धनी. दारास ‘द्वेर’, झाडास ‘देरेवो’, विस्तवास ‘अगोन’. द्वार, दारु, अग्नी हे त्यांचेच सहोदर होत. फार पूर्वी एका घरातून निघालेली ही भावंडे हजारो कोस दूर गेली, तरी दार आणि विस्तव यांची नावे विसरली नाहीत. हे आम्ही नातवंडांस मोठ्या ऐटीने समजावून दिले. स्वतःस मात्र त्यातून काही शिकण्याचे राहिले होते.

ते असे. त्या देशात घर बदलताना गृहिणी जुन्या भट्टीतील निखारे मडक्यात घालून नव्या घरी नेत असे, आणि घराचा रक्षक जो ‘दोमोवोय’, त्यास ‘आजोबा, आमच्याबरोबर चला’ असे आमंत्रण देत असे. तो रुसून मागे राहिला तर नवे घर लाभत नाही, अशी समजूत. हे सांगून संपते न संपते तोच धाकटी नात म्हणाली, “मग आजोबा, तुम्ही आमच्याबरोबर का येत नाही? तुम्ही रुसलात का?”

आम्ही चष्मा पुसू लागलो. दुसरे काही सुचेना.

आता हे घर कोणाकडे राहावयाचे, हा प्रश्न उरला. नातवाने तो एका वाक्यात सोडविला, “तिच्याकडे जाऊ दे. मला आजी-आजोबा आहेतच की.” आम्ही दोन महिन्यांत जो न्याय करू शकलो नव्हतो, तो त्या पोराने उभ्या उभ्या केला!

पूर्वी मॉस्को शहरात तयार घरांचा बाजार भरत असे. सतराव्या शतकात तेथे गेलेल्या अ‍ॅडम ओलेआरियस नामक जर्मन प्रवाशाने त्याविषयी लिहून ठेवले आहे. ओंडके सुटे करून न्यावयाचे आणि दुसरीकडे तसेच रचावयाचे. किझी बेटावरील १७१४ सालचे बावीस घुमटांचे लाकडी चर्च अलीकडे याच रीतीने दुरुस्त झाले. थराथराने ओंडके उतरविले, कुजलेला भाग तेवढा बदलला आणि बाकीचे पुन्हा जागच्या जागी बसविले. आम्हीही पेन्सिलीने प्रत्येक काठीवर दिशा व अंक घातला, ‘पूर्व १’, ‘उत्तर ७’. खाचा हातांनी पाडलेल्या असल्यामुळे प्रत्येक काठी तिच्या जोडीदारातच बसते, दुसरीत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस ते खोके मांडीवर घेऊन आम्ही उभयता मेट्रोत बसलो. असल्फा, जागृतीनगर आणि घाटकोपर. तेथून मध्य रेल्वेची लोकल. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर करीत मुलुंड आले. एरवी ज्या अंतरास आम्ही ‘फार लांब’ म्हणत होतो ते इतके थोडे निघाले, की मनातल्या मनात ओशाळलो.

नव्या घरातील फरशीवर बसून रचना सुरू केली. आठव्या थरास भिंत डुगडुगू लागली. चिरंजीव दारात उभे राहून पाहत होते. ते जवळ येऊन खाली बसले आणि म्हणाले, “बाबा, उत्तरेचे सात आणि आठ उलटे लागलेत.” आम्ही म्हणालो, “मग तूच बसव. माझ्या डोळ्यांना आता अंक दिसत नाहीत.” अंक स्वच्छ दिसत होते. पण तो बसविताना आम्ही काठ्या धरून राहिलो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत नळाच्या पाण्यापासून कर्जाच्या हप्त्यांपर्यंत सारे काही बोलून झाले.

तिकडे स्वयंपाकघरात सौभाग्यवतींनी पिशवीतून एक झाकणाची वाटी काढली व सूनबाईंच्या हाती दिली. तीत साकीनाक्याच्या घरचे विरजण होते. पस्तीस वर्षे रोज रात्री त्यातलेच चमचाभर ठेवून पुढचे दही लागत आले होते. “रात्री दूध कोमट करून लाव,” एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंचा दूरध्वनी आला. दही घट्ट लागले होते.