उभी वीट

माझ्या हातून जी चारदोन बरी कामे झाली, त्यांत एका पतसंस्थेच्या कचेरीला मी वरचे स्थान देतो; आणि तिच्याच पश्चिमेच्या भिंतीसमोर उभे राहायला मला आजही संकोच वाटतो.

गाव कऱ्हाडच्या बाजूचे. साल 2014. हाताशी रुपये 22 लाख, त्यांतच टेबले आणि कपाटे. अध्यक्षांची इच्छा एकच : “समोरून काच पाहिजे. तालुक्याच्या बँकेला आहे.” मी म्हटले, “काच लावाल, पण दुपारच्या उन्हात आतली माणसे भाजून निघतील. मग वातानुकूलन, मग त्याचे बिल.” बिलाचे नाव निघताच ते विचारात पडले.

मी असा निर्धास्त बोललो, कारण विद्यार्थिदशेत मी त्रिवेंद्रमला लॉरी बेकरांचे काम पाहून आलो होतो. 1917 साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा माणूस इथलाच झाला आणि 2007 साली त्रिवेंद्रमलाच गेला. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे, हे गांधीजींचे म्हणणे ते नेहमी सांगत. तिथल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारतींना गिलावा नाही. भिंतींत मधूनमधून विटा गाळून केलेल्या जाळ्यांतून वारा आणि उजेड येतो. तिथे तासभर बसलो आणि पंख्याची आठवण झाली नाही.

बेकरांची भिंत म्हणजे उभ्या विटांची. दोन बाजूंना तीन-तीन इंच वीट, मधे तीन इंच पोकळी. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीमुळे उष्मा आत यायला वेळ लागतो. हे मी मिस्त्रींना समजावले. पांढऱ्या मिशांचा मनुष्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “साहेब, वीट ही निजवायची वस्तू. उभी केली तर भिंत पोकळ राहील, अन् गाव म्हणेल, मिस्त्रीनं विटा खाल्ल्या.” शेवटी चार फुटांची नमुन्याची भिंत बांधली. आठ दिवसांनी मिस्त्री तिच्यावर चढून उभे राहिले, खाली उतरले, थापीच्या दांड्याने ठोकून ऐकू लागले. “घड्यासारखी वाजती. पण हालत न्हाई.” त्यानंतर ओळंबा त्यांनी माझ्या हाती लागू दिला नाही.

स्लॅबची गोष्ट याहून गोड. स्लॅबच्या खालच्या भागाला ताण पडतो आणि तो ताण सोसते सळई. तिथले पुष्कळसे काँक्रीट नुसते ओझे. म्हणून सळयांच्या चौकटींत मंगलोरी कौले बसवून काँक्रीट वाचवतात. गावात जुनी घरे पाडून स्लॅब घालण्याची लाट होती, कौले मातीमोलाने मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी एक आजी छताकडे टक लावून पाहत होत्या. सुनेला म्हणाल्या, “ही आपल्या माजघरावरची गं.” खरेच असतील का, कोण जाणे. पुढे दर महिन्याला पेन्शनच्या निमित्ताने येऊन त्या त्याच कौलांखाली बसत, असे शिपाई सांगे.

आता ती पश्चिमेची भिंत. तिथे मी बेकरांसारखी जाळी घातली; मात्र खर्च आटोक्यात बसेना, तेव्हा तिच्यावरचा रुंद छज्जा स्वतःच्या हाताने नकाशातून पुसला. अकरा हजार रुपये वाचले. पुसताना मला आपल्या काटकसरीचा थोडा अभिमानही वाटला होता! जुलैत कोयनेकडून पाऊस आडवा आला. मी गेलो तेव्हा कर्जखात्याच्या बाई संगणकावर छत्री उघडून तिच्याखाली काम करत होत्या. अर्जांची भेंडोळी पोत्यात बांधलेली. तक्रार एका शब्दाची नाही. उलट, “उन्हाळ्यात फार गार होतं हो इथं,” असे त्यांनी सांगितले. त्या सांगण्याने मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या मे महिन्यात मी पदरमोड करून तिथे पत्र्याची पडवी उतरवली. पुष्कळशी झड तिने अडवली. ती छत्री मात्र अजून बाईंच्या खुर्चीमागच्या खुंटीला आहे. ती येण्याजाण्याची की संगणकाची, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.